‘अलबेला’ नक्की कुणाचा?

“‘अलबेला’तून अण्णांची गाणी काढा, मग काय उरतं?” नट-दिग्दर्शक भगवानदादांच्या १९५१च्या सिनेमावरून बंड्यानं काल कट्ट्यावर सुरुंगच लावला. अण्णा म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र. सुऱ्या लगेच त्याच्या बाजूनं. एकाच सिनेमात ‘शोला जो भडके’चा बोंगो आणि ‘धीरे से आजा री’मधला पिलू राग, हे सी. रामचंद्रांशिवाय कोण करणार? जोडीला गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. मुद्दा बिनतोड होता.

पण मला ते पटत नाही. “अरे, ‘शोला जो भडके’ रेडिओवर ऐक आणि मग पडद्यावर बघ,” मी म्हटलं. भगवानदादा नाचतात तेव्हा पाय जमिनीपासून फारसे उचलतच नाहीत. गुडघे जरासे वाकलेले, हात सैल, कंबर संथ, आणि चेहऱ्यावर निव्वळ आनंद. कुस्तीचं वेड असलेला, स्टंटपटांत वाढलेला हा जाडजूड माणूस गीता बालीसारख्या चपळ नटीशेजारी जराही अवघडत नाही. ती स्टेप वरातीत कुणालाही जमते. शिवाय अण्णा आणि दादांची जोडी १९५१ची नव्हे. १९४२च्या ‘सुखी जीवन’लाही हीच दोघं होती. पडद्यावर कोण नाचणार हे ठाऊक असलेल्या माणसानं त्या चाली बांधल्यात. वर दादांसाठी गायलेत चितळकर, म्हणजे अण्णा स्वतःच! यातलं कुणाचं काय, हे वेगळं काढणार कसं?

“ते जमणारच नाही,” बंड्या म्हणाला, “पण चाल नसती तर दादा नाचले कशावर असते?”

इतका वेळ ऐकत असलेल्या शैलाताई आता मधे पडल्या. “गाणी आणि नाच, दोन्ही घटकाभर बाजूला ठेवा. दादांचा प्यारेलाल घर सोडतो कशापायी? बहिणीच्या लग्नाला पैसे पुरत नाहीत आणि घरात त्याची किंमत शून्य, म्हणून. मग नाटक कंपनीत नाव होतं, तो घरी पैसे पाठवतो, ते घरातलाच माणूस मधल्या मधे खातो. पोरगा मोठा होऊन परततो, तर आई गेलेली. सिनेमा विनोदी म्हणता ना? आमच्या चाळीतल्या बायका डोळे पुसत बाहेर पडायच्या.”

“ताई, रडायला लोक दुसऱ्यांदा तिकीट काढत नाहीत. गाण्यांसाठी काढतात,” सुऱ्या म्हणाला.

“मग १९५३चा ‘झमेला’ का नाही तसा चालला? संगीत अण्णांचंच, गीता बालीच, दादाच!”

बंड्या गप्प झाला. सुऱ्यानं ‘झमेला’तलं एखादं गाणं आठवून बघितलं, त्याला काही सुचेना. मला मात्र अजूनही वाटतं, की प्यारेलालचं दुःख पोचतं तेही त्या नाचामुळेच. इतक्या मोकळेपणानं नाचणाऱ्या माणसाला घरच्यांनी निकम्मा ठरवलेलं असतं, म्हणून तर ते बोचतं. शैलाताईंना हे अर्धंच पटलं. बंड्याला तेवढंही नाही.