मशीन कोठे शे?

"माझ्याकडे तर चालतंय!" पुण्याहून टीम लीडचा मेसेज आला तेव्हा मी अमळनेरला मामांच्या ओसरीत घामाने निथळत होतो.

हे वाक्य कायमचं बंद व्हावं म्हणूनच तर २०१० साली व्हॅग्रंट नावाचं सॉफ्टवेअर निघालं. एक फाइल लिहायची, 'व्हॅग्रंट अप' म्हणायचं, की लॅपटॉपच्या पोटात सगळ्यांना सारखंच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर, उभं. आतली मांडामांड अँसिबल नावाचं दुसरं सॉफ्टवेअर करतं. पंधरा मिनिटांचं काम, असं लीड म्हणाला होता.

"काय करी राहिना रे भाचा?"

"मशीन उभं करतोय, मामा."

"कोठे शे?"

"लॅपटॉपमध्ये."

मामांनी लॅपटॉप उचलून खालून पाहिला, बुडाला हात लावला. "तपी गयं," म्हणाले, आणि सुपारी कातरत शेजारीच ठाण मांडलं.

अँसिबल समजवायला मी भरीत काढलं, हीच चूक. "'मीठ टाक' असं सांगायचं नाही मामा, 'भरतात मीठ असावं' असं लिहायचं. आधीच असेल तर ते हात लावत नाही."

मामा स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "दख! तुनी मामी तीन डाव टाकस!"

आत भांडं आपटलं. दुपारचा चहा मामांना आला, मला नाही.

मशीन काही उठेना. व्हॅग्रंट मुळात ३०० सेकंदच वाट बघतं, मग हात वर करतं. "पाच मिनिट वाट दखी आन् रुसी गयं?" मामांना पहिल्यांदाच त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. मी मुदत वाढवली. मशीन उठलं, तर अँसिबल अडलं: लीडने सकाळीच बदललेल्या फाइलमध्ये स्पेसऐवजी टॅब! अँसिबलच्या फाइली यामल नावाच्या पद्धतीने लिहितात, आणि यामलला ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही.

मग त्याच्याकडे कसं चालतंय? तर व्हॅग्रंटची ही मांडामांड नव्या जावयासारखी. पहिल्या खेपेला मांडे, पुढे मागितल्याशिवाय काही नाही. त्याचं मशीन जुनं, आधीच मांडलेलं. नवी फाइल त्याने एकदाही चालवली नव्हती! माझी अख्खी दुपार गेली, आणि कळवल्यावर उत्तर काय, तर नुसता अंगठा. सॉरी लिहायला किती अक्षरं लागतात?

तोवर मामा गल्लीत सांगून आले होते की भाचा मशीन उभं करतो. संध्याकाळी शेजारच्या काकू बंद पडलेला मिक्सर घेऊन आल्या.

"पंधरा मिनिटांचं तर काम," म्हणाल्या.