सीबीएसच्या काळातली प्रत्येक फेंडर भंगार नाही

नाशिकच्या वादकांमध्ये सध्या फेंडर या अमेरिकी कंपनीच्या इलेक्ट्रिक गिटारींबद्दल एक मजकूर फिरतोय: ‘१९६५ ते १९८५ची फेंडर म्हणजे भंगार. तीन स्क्रूची नेक (गिटारची दांडी) कायम हलते. खरी जुनी गिटार रंग घासलेला पाहून ओळखावी.’ हे वाचून लोक सत्तरच्या दशकातली फेंडरची चांगली स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) हातची सोडतात आणि भलतीच गिटार घरी आणतात.

जानेवारी १९६५मध्ये लिओ फेंडर यांनी कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला विकली. १९८५पर्यंत ती त्यांच्याकडेच होती. पुढे उत्पादन वाढलं, तपासणी ढिली पडली, हे खरंच. पण १९६९ला अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने वाजवलेली पांढरी स्ट्रॅट १९६८ची, म्हणजे सीबीएसचीच.

आता नेक बॉडीला जोडणारे तीन स्क्रू. १९७१च्या अखेरीस ते स्ट्रॅटला आले. नेक हलते ती बहुतेकदा बॉडीतली नेक बसायची खोबण रुंद कापली गेल्यामुळे. बॉडी घट्ट धरून नेक बाजूला ढकला. दोन्ही टोकाच्या ई तारांचं फ्रेटबोर्डच्या कडेपासूनचं अंतर शेवटच्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) बदललं, तर नेक सरकतेय. तारा सैल करून नेक काढा, खोबणीतले रंगाचे पोपडे खरवडा, बाजूच्या फटीत मेपलची पातळ पट्टी बसवा आणि स्क्रू आळीपाळीने आवळा. चौथं भोक मात्र पाडू नका. गिटारची किंमत तिथेच पडते.

पुष्कळदा नेक हललेली नसतेच, वाकलेली असते. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, एप्रिलपर्यंत कडक वाळतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला मिळते तिथे जाडी ई तार दाबा. आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये सुमारे पाव मिलिमीटर फट हवी. नेकचा बाक हेडस्टॉकवरच्या (नेकच्या टोकावरच्या) ‘बुलेट’ नटने कमी-जास्त होतो. त्याला १/८ इंची अ‍ॅलन की लागते. दुकानात ३ मिलिमीटरची पुढे करतात. ती आत फिरते आणि नटचे कोपरे खाते. एका वेळी अष्टमांश फेराच द्या.

घासलेल्या रंगाचं तर उलटंच आहे. १९६८च्या सुमारास बॉडीवर जाड पॉलिएस्टर आलं. त्याचे टवके उडतात. जुन्या लॅकरसारख्या बारीक आडव्या भेगा त्याला सहसा पडत नाहीत. १९७६ची म्हणून दाखवलेल्या गिटारवर तशा भेगा दिसल्या, तर रंग बदललाय का ते आधी विचारा. मग पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची पट्टी) उघडून पॉटवरचा, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागावरचा, आकडा पाहा: १३७७६२१ म्हणजे सीटीएस कंपनीचा, १९७६च्या एकविसाव्या आठवड्यातला. पॉट मूळचा असेल, तर गिटार त्याआधीची असू शकत नाही, नंतरची असू शकते. आणि सोल्डर नव्याने तापवलेलं दिसलं, तर पॉटही बदललेला असू शकतो.