पैलवानाचे एकोणीस दिवस

गंगावेशीत रात्री म्हशी येतात हे बाहेरगावच्या माणसाला सांगितलं की त्याला थाप वाटते. रस्त्याकडेला म्हस उभी, गवळी उकिडवा बसलेला, धार वाजतेय आणि समोर गिऱ्हाईक ग्लासाची वाट बघत ताटकळलंय. मिशीला फेस लागला की दूध पोचलं. आमचा कट्टा तिथलाच. म्हणजे कट्टा म्हणायला एका बंद दुकानाच्या दोन पायऱ्या आणि बापूंची स्कूटर.

परवा मंगळवारी तिथं भांडण झालं, ते लिहून काढतोय. नावं बदललीत. ज्याच्यावरून भांडण झालं त्याच्या मीटिंगचा, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेच्या मीटिंगचा, नियमच तसा, आडनाव चपलांबरोबर दाराबाहेर. त्याला पैलवान म्हणू. कोल्हापुरात पैलवान म्हटल्यावर कुणाचा पत्ता लागतोय?

पैलवान सहा वर्षं चार महिने दारूला शिवला नव्हता. मग पोरीचा साखरपुडा झाला, आणि दुसऱ्या दिवशी तो प्याला. अकरा दिवस प्याला. मग दवाखाना.

"सहा वर्षं घातली की पंचगंगेत," दिग्यानं सुरुवात केली. "साखरपुड्याला पावण्यांच्यात पेला असता तर समजलं असतं एकवेळ. सगळं निभावून नेलं आणि दुसऱ्या दिवशी? कारण काय? तर काय न्हाई."

"कारण कशाला लागतंय?" संत्या म्हणाला. संत्याचं मेडिकल आहे, त्यामुळे कट्ट्यावरचा डॉक्टर तोच. "मंडपवाल्याची भांडी परत द्यायला टेम्पोत बसला. सकाळपासनं पोटात काय न्हाई. तीन रात्रीचं जागरण. बरोबर कोण न्हाई. चहाला उतरला आणि शेजारी देशीचं दुकान. त्यांच्या मीटिंगला हेच घोकून घेत्यात, भूक, राग, एकटेपणा, थकवा. चारातलं तीन तर त्या टेम्पोतच हुतं."

"मी पण उपाशी टेम्पोतनं जातो. मी न्हाई उतरत."

"तू शनिवारी कुठं असतोस ते सांगू?"

"माझं लिमिटमध्ये हाय."

इथं मी गप्प बसलो, कारण शनिवारी दिग्याच्या शेजारी मीच असतो. आमच्यातल्या एकाकडेही परवाना नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि कागदोपत्री प्यायला परवाना लागतो, हे संत्या दरवेळी ऐकवतो. आम्ही दरवेळी हसतो. लिमिटवाले म्हणजे असे.

सलीमभाई गॅरेजवाले. ते पीत नाहीत, पण दवाखान्यातल्या तिसऱ्या रात्री माझ्याबरोबर तेच होते. पैलवान चादर झाडत होता. दोन्ही हातांनी, उशीपासून पायापर्यंत. "माती काढ रे, लाल माती लागलीया, वस्ताद बघतील तर मारतील." त्याचे वस्ताद जाऊन वीस वर्षं झाली. खाटेवर मातीचा कण नव्हता. सलीमभाईंनी काय केलं, तर कोपऱ्यातला झाडू घेतला आणि खाटेखालून खरोखर झाडून काढलं. "गेली बघ माती," म्हणाले. तेवढ्यानं तो दहा मिनिटं शांत झाला. मग परत सुरू.

"त्याला काय म्हणत्यात संत्या, त्या रात्रीच्याला?"

"डिलिरियम. रोजच्या पिणाऱ्यानं एकदम थांबवलं की दोन-तीन दिवसांत येतंय. सगळ्यांस्नी न्हाई येत, पण आलं आणि घरातच ठेवला तर माणूस जातो. दारू मेंदू दाबून धरती. मेंदू पण खमका, तो उलटा जोर लावून ठेवतो."

"ब्रेक दाबून एक्सलेटर पिळल्यागत," सलीमभाई म्हणाले. "ब्रेक सुटला की गाडी भिंतीत."

"आता कसं बोललासा."

म्हणून सांगतो, घरात कुणी रोजचा पिणारा असेल तर "आजपासनं बंद म्हंजे बंद" असं दार लावून करू नका, आधी डॉक्टर गाठा. आम्ही एकदा तसं केलं होतं, पहिल्यांदा सोडवली तेव्हा, तालमीवरच्या खोलीत कोंडून. वाचला ते त्याचं नशीब. आमची अक्कल त्यात नव्हती.

बापू एवढा वेळ काही बोलले नव्हते. बापू आमच्यात वडील, आणि पैलवानाचं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून.

"आजार हाय म्हण की," बापू संत्याला म्हणाले. आवाज असा, की पुढं काय येणार ते कळावं.

"हायच, बापू. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं १९५६ सालीच आजार म्हणून मान्य केलंय. आणि परत पिणं हे पण त्या आजारातच येतंय. २००० साली तिकडं अभ्यास झालाय, व्यसनातनं उठलेले शंभरात चाळीस ते साठ परत घसरतात. आणि बीपी, दम्याचं? उपचार चालू असून परत उचल खाणारे पन्नास ते सत्तर. त्यांस्नी कोण म्हणतंय का, मन घट्ट न्हाई तुझं?" मग त्याला राहवलं नाही. "तुम्हीच बघा की. गेल्या महिन्यात बीपीची गोळी न्यायला आलाच न्हाईसा."

सगळे हसलो. बापू हसले नाहीत.

"न्हाई आलो. माझं बीपी वाढलं तर मी बायकोला लाथ मारत न्हाई."

शेजारी धार पडत होती तेवढाच आवाज. संत्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"रात्री दोनला माझं दार वाजायचं," बापू म्हणाले. "पोरीला काखेत घेऊन ती उभी. आमच्या हिनं किती वेळा हळद लावलीया त्याचा हिशेब तुझ्या अभ्यासात हाय? आजार त्येला आणि हळद हिला. मला आकडे सांगू नकोस."

यावर उत्तर नाही. मी घरी येऊनही शोधलं, सापडलं नाही. आजार आहे हेही खरं आणि हळद लागली हेही खरं, एकानं दुसरं पुसता येत नाही. संत्यानं पडत्या आवाजात एवढंच सांगितलं, की घरच्यांसाठी वेगळ्या मीटिंगा असतात, अल-अ‍ॅनॉन म्हणून. ज्या बिलनं पिणाऱ्यांची संघटना काढली त्याच्याच बायकोनं, लोईसनं, १९५१ साली त्या सुरू केल्या. बापू म्हणाले, "म्हंजे तिला पण मीटिंग. प्याला त्यो, फेऱ्या दोघांस्नी."

मग दिग्यानं विषय वळवला. त्याचा उपाय ठरलेला, दुकानं बंद करा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. आपल्याकडंही बाटली आडवी करायला बायकांचं मतदान घेता येतं. सलीमभाई म्हणाले, आमच्यात तर चौदाशे वर्षं बंदी हाय, तरी गॅरेजवर वास मारत येणारे येतातच. विषय तिथंच मिटला.

पण त्यातून संत्याला दुकानातलं आठवलं. आठवड्याला एखादी बाई येते. दुकान रिकामं होईपर्यंत थांबते आणि हळूच विचारते, आमटीत घालायची गोळी हाय का, त्यांस्नी न कळता? भिंतीभिंतीवर रंगवलेलं असतंच, 'न सांगता दारू सोडवा'. संत्या देत नाही. "ती गोळी म्हंजे डायसल्फिरम. मूळचं रबराच्या कारखान्यातलं रसायन. तिथल्या कामगारांस्नी दारू सोसंना म्हणून लक्षात आलं. मग १९४८ ला डेन्मार्कच्या डॉक्टरांनी औषध म्हणून पुढं आणलं. पोटात गोळी असताना प्याला, तर तोंड लालबुंद, उलट्या, छाती धडधड, बीपी खाली. मेलेत पण माणसं. गोळी थांबवून आठ-पंधरा दिवस झाले तरी असर असतो. माहीत असलेल्या माणसाला ती कुंपण हाय. माहीत नसलेल्याला विष." पैलवान ती चार वर्षं घेत होता, रोज सकाळी वहिनींच्या समोर. मग बंद केली. आता गरज न्हाई म्हणाला.

एवढ्यात पैलवान आला.

चालत आला. अंगातला शर्ट साखरपुड्याचाच, पण गळ्याशी ढिला झालेला. पायरीवर बसला आणि आमचे चेहरे बघून म्हणाला, "माझंच चाललं हुतं न्हवं? चालू दे की."

दिग्याला दुसरा उपायच नव्हता. "हे सांगालतो, सहा वर्षं वाया गेली म्हणून वाईट वाटतंय."

"मला पण वाटतंय. काल मीटिंगला उभा राहून सांगितलं, आज अठरावा दिवस. जे पोरगं माझ्या हातनं मीटिंगला आलं, त्याला तीन वर्षं झालीत. त्याच्यापुढं माझं अठरा."

"पण शून्यापासनं कशाला?" मी म्हणालो. मला हे खरंच पटत नव्हतं. "कुस्ती गेली म्हणून काय आधीच्या बैठका गेल्या? सहा वर्षं त्या घरात सण झाले. पोरगी शिकली. ती काय शून्य?"

"ते पोरीला मोज म्हणावं. मला शून्यापासनंच मोजू दे, न्हाईतर मी परत मोठा हुईन." त्यानं तळहात गुडघ्यावर घासला. "पाचव्या वर्षानंतर मी मीटिंगला कशाला जायचो सांगू? दुसऱ्यांस्नी शिकवायला. मीटिंगची पहिली पायरीच ही, दारूपुढं माझं काय चालत न्हाई म्हणायचं. आयुष्यभर पाठ टेकायची न्हाई हे शिकलो, आणि इथं पहिल्याच दिवशी पाठ टेक म्हणत्यात. टेकली. पण मनात उठून बसलो हुतो, कुणाला कळलं न्हाई."

मग त्यानं एक गोष्ट सांगितली. हा माणूस सातवी नापास, पण अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावाबद्दल शेजारच्या पेठेबद्दल सांगावं तसं सांगतो. १९३५ चा मे महिना. बिल नावाचा न्यूयॉर्कचा शेअरबाजारवाला धंद्याच्या कामाला तिथं आलेला, काम फिसकटलेलं, हॉटेलात एकटा, आणि समोर बार गजबजलेला. पाच महिने प्यालेला नव्हता. त्यानं फोन फिरवायला सुरुवात केली, मला कुणीतरी पिणारा भेटवा, त्याच्याशी बोललो तरच मी वाचेन. असा भेटला डॉक्टर बॉब, सर्जन. दोघं तासन्‌तास बोलले. बॉबनं सोडली.

"आणि सुटली," दिग्या म्हणाला.

"कुठली सुटतीय! डॉक्टरांचं संमेलन हुतं अटलांटिक सिटीला. त्याला गेला आणि ढोसून परत आला. थोड्या दिवसांनी ऑपरेशन करायचं, हात असे." त्यानं स्वतःचा हात पुढं धरला. हात खरंच थरथरत होता, त्याला ते दाखवायचं होतं की नाही कुणास ठाऊक. "बिलनंच बिअरची बाटली दिली, हात थांबवायला. ती बॉबची शेवटची. १० जून १९३५. मग १९५० ला मेला तोवर शिवला न्हाई. आमच्या संघटनेचा वाढदिवस त्योच धरत्यात. भेटले त्यो दिवस न्हाई, सोडली त्यो पण न्हाई. घसरून उठला त्यो."

"आणि बिल?" संत्यानं विचारलं.

"त्यानं पण न्हाई घेतली. छत्तीस वर्षं. पण १९७१ ला गेला, त्याच्या आधी अंथरुणावर व्हिस्की मागत हुता. नर्सांच्या नोंदीत हाय. कुणी दिली न्हाई."

"म्हंजे मरेपर्यंत सुटत न्हाई?" दिग्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

पैलवाननं उत्तर दिलं नाही. गवळ्यानं ग्लास पुढं केला होता. पैलवान म्हणाला, "अर्धाच भर, दोनदा दे." भरलेला ग्लास सांडतो, म्हणून.

मी वहिनींना आदल्या आठवड्यात भेटलो होतो. तुमची सहा वर्षं कशी धरायची, असं काहीतरी बावळट विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "भावजी, सहा वर्षं मी मधल्या दाराला आतनं कडी लावली न्हवती. आता परत लावालोय." बस्स. कट्ट्यावर हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बापूंना तर नाहीच, त्यांच्या हातात कोलीतच गेलं असतं.

साडेदहाला उठलो. रिक्षा बघतो, पैलवान म्हणाला. त्याच्या वाटेवर दोन बार लागतात, ते आम्हाला सगळ्यांना माहीत. बापूंनी स्कूटरला किक मारली आणि त्याच्याकडं न बघता म्हणाले, "बस मागं. मी तुझ्याशी बोलणार न्हाई."

माझंही घर त्याच बोळात, मी गाडी घेऊन मागोमाग गेलो. पैलवान उतरला, पुढचं दार ढकललं, सोप्यातला दिवा लागला. त्याचं अंथरूण हल्ली सोप्यातच असतं. बापूंनी स्कूटर बंद केली होती, पण ते उतरत नव्हते, मान तिरकी करून बसलेले. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग आतून मधल्या दाराच्या कडीचा आवाज आला, खटकन.

"लागली," बापू म्हणाले, आणि आपल्या दाराकडं वळले.