आधी ताटातून काढलं, आता पाकिटात भरून शिकवताय

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. घाई असेल त्यांनी पोहे-जिलबी खाऊन या, मग वाचा.

सकाळी इथे इंदुरात आपल्याच मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमाला गेले होते. विषय श्रीअन्न (म्हणजे भरडधान्यं, सरकारी नाव) आणि आरोग्य. हॉलबाहेर स्टॉल लागलेले. कोदोची बिस्किटं, नाचणीचे लाडू, कुटकीचं अर्धा किलोचं पाकीट 140 रुपयांना (कोदो आणि कुटकी ही आपल्याकडची बारीक दाण्याची भरडधान्यं), त्यावर डोक्यावर टोपली घेतलेल्या आदिवासी बाईचं चित्र. इथपर्यंत मी गप्प होते, लाडू घेतलेसुद्धा. मग व्याख्यात्या बाई उभ्या राहिल्या. नाचणीत गव्हाच्या आठ-नऊ पट कॅल्शियम असतं, कोदोत तांदळापेक्षा कितीतरी जास्त चोथा असतो, सगळं बरोबर सांगितलं. आणि शेवटी म्हणाल्या, "झाबुआ-अलिराजपूर जिल्ह्यांतल्या आदिवासींमध्ये पोषणाबद्दल जागरूकताच नाही. आपण त्यांना शिकवायला हवं."

टाळ्या! माझ्या शेजारच्या काकूंनीही वाजवल्या. मी चहा न घेता निघाले, आणि इंदूरच्या मराठी कार्यक्रमातून चहा न घेता निघणं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे.

कोण कोणाला शिकवणार हो?

आमच्या सुदामानगरच्या घराशेजारी बांधकाम चाललं होतं तेव्हाची गोष्ट. चौकीदार अलिराजपूरकडचा भिलाला आदिवासी, बायको, दोन पोरं, पत्र्याची खोली. दिवाळीला गावी जाऊन आले की पोत्यात मका आणि ज्वारी यायची, आणि जुन्या लुगड्याच्या गाठोड्यात कुटकी. संध्याकाळी तीन विटांच्या चुलीवर ती बाई मक्याचे रोटले भाजायची. तो खरपूस वास भिंत ओलांडून थेट आमच्या स्वयंपाकघरात. माझी आई कोल्हापूरकडची, भाकरीवर जीव. एकदा भिंतीवरून म्हणाली, "बाई, एक रोटला हमको भी खिलाओ."

बाईनं काय केलं? हातातला रोटला टोपलीखाली सरकवला. म्हणाली, "आई, ये तो हमारा है. आपके लिए गेहूँ की बनाती हूँ." पोराला दुकानात पिटाळलं, उधारीवर कणीक आणली आणि आईला पोळ्या करून दिल्या. वर तूप नाही म्हणून ओशाळली.

आता सांगा, यात जागरूकतेचा प्रश्न कुठे आला? त्या बाईला लाज वाटत होती. तिच्या रोटल्याकडे तोवर आपल्यासारख्या कितीजणांनी नाक मुरडलं असेल, ते तिलाच ठाऊक.

आणि आपण तरी काय वेगळे? माळव्यात एकेकाळी पावसाळ्यात ज्वारी-मका उभा असायचा. सत्तरच्या दशकापासून सोयाबीन आलं आणि खरिपाची शेतंच्या शेतं त्यानं व्यापली. 1987 मध्ये सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इथे इंदुरातच आली, आपल्याला त्याचा अभिमान. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला हे खरं, नाही म्हणत नाही. पण ते बी गेलं तेल गाळायला, पेंड गेली कोंबड्यांना आणि परदेशात. शेतकऱ्याच्या चुलीवर त्यातलं काय शिजलं? घरोघरी पोळी आली आणि भाकरी झाली गरिबाघरची. तीच भाकरी आता ठेच्याबरोबर हॉटेलात मागवतो आणि फोटो टाकतो. (मीही टाकते.)

रेशनचं तर विचारू नका. 2013 चा अन्नसुरक्षा कायदा काढून बघा. माणशी महिन्याला 5 किलो धान्य, तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया किलो. म्हणजे कायद्यातसुद्धा सगळ्यात खालची पायरी याच धान्याला! आणि ते एक रुपयाचं धान्य दुकानात किती जणांनी बघितलं? डोंगरातल्या माणसाच्या पिशवीत पडत राहिले गहू आणि तांदूळ. आता ते फुकट मिळतात. फुकटचा गहू दारात येत असताना मुरमाड उतारावर कुटकी कोण पेरेल?

थांबा, माझ्यावर धावून येऊ नका. रेशनच्या गव्हानं उपास टळले आहेत, मान्य. आणि त्या धान्यांचं काम जिवावरचं, हेही मान्य. कुटकीचा दाणा मोहरीपेक्षा थोडा मोठा, त्यावर चिकटून बसलेलं टरफल. गिरणीची सोय नसली की उखळ आणि मुसळ. आमची ती शेजारीण रात्री दिवसभराचं विटा वाहणं आटोपून कांडायला बसायची, धप धप आवाज यायचा. तिच्या जागी मी असते तर मीही गहूच घेतला असता. पण मग कांडणयंत्र गावात पोचवा ना! भाषण कशाला पोचवताय?

आणि तिला काय कळत नव्हतं ते मला एकदा ऐकायचंच आहे. आई रोज भिंतीशी उभी राहून तिच्याशी बोलायची, त्यामुळे आम्हाला कळलं. भादव्यात घरातला मका संपतो, नवा अजून दुधात असतो, तेव्हा कुटकी आधी हाताशी येते, म्हणून ती थोडी तरी पेरायचीच. मक्याच्या ओळींमध्ये उडीद, चवळी, कडेला तूर, म्हणजे पाऊस एकावर रुसला तरी दुसरं हाती लागतं. पोराचा ताप उतरला की कुटकीची पेज. बाळंतिणीला काय, म्हाताऱ्याला काय, सगळं तोंडपाठ. व्याख्यात्या बाईंच्या स्लाइडवर यातलं एक अक्षर नव्हतं.

आपल्याच मध्य प्रदेशातल्या डिंडोरीच्या लहरीबाई आठवतात? बैगा आदिवासी समाजातली तरुण मुलगी, घराच्या एका खोलीत भरडधान्यांचे 150 हून अधिक वाण जपून ठेवलेले. गावोगाव हिंडून बियाणं गोळा केलं, शेतकऱ्याला पेरायला देते, पीक आलं की परत घेते. 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा पंतप्रधानांनी तिचं कौतुक केलं आणि आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केलं. तिला कुणी जागरूक केलं होतं? आजीनं. मग आजच्या मंचावर तशी एक तरी बाई का नव्हती? गाडीभाडं काय फार लागलं असतं?

लिहिता लिहिता जरा शांत झालेय. त्या व्याख्यात्या वाईट नाहीत, मुलगी हुशार आहे, निदान विषय तरी काढला. आणि जुनं म्हणून सगळं निर्मळ, असंही मी म्हणत नाही. 2024 मध्ये बांधवगडच्या जंगलात दहा हत्ती मेले ते बुरशी लागलेला कोदो खाऊन. ओल्या कोदोला कसा धोका असतो हे पिकवणाऱ्या घरांना पिढ्यान्पिढ्या माहीत आहे, पाकिटावर मात्र कुठे छापलेलं मी पाहिलं नाही.

पण पैशाचं काय? ज्वारी, बाजरी, नाचणीला केंद्राचा हमीभाव आहे. कोदो-कुटकी त्या यादीतच नाही. आपल्या राज्य सरकारनं 2024 मध्ये राणी दुर्गावतींच्या नावानं योजना आणून किलोमागे 10 रुपये जाहीर केले. चांगलंच केलं. पण 140 रुपयांच्या त्या अर्ध्या किलोतले चित्रातल्या बाईला किती गेले, हे मी स्टॉलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, पॅकिंगच खूप महाग पडतं."

बरं, एकादशीला आपण सगळे भगर खातो, आपल्या इंदुरी किराण्यातलं मोरधन. ते या कुटकीचंच भावंड. उपासाला चालतं, देवाला चालतं, मग त्या बाईला टोपलीखाली का लपवावं लागलं?

आईला तो रोटला शेवटी मिळाला, तेही सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी ती सरळ भिंतीला वळसा घालून गेली आणि चुलीसमोर बसली. उठलीच नाही. लसणाच्या चटणीबरोबर दोन खाल्ले, तिथेच, पाटाशिवाय. बाई हसून हसून लाल.

तर ज्यांचं भगोरियाला (होळीआधीच्या आदिवासी बाजार-जत्रेला) किंवा एरवी झाबुआ-अलिराजपूरकडे जाणं होतं, त्यांनी हाटातून थेट बायकांकडून घ्या. कुटकी मिळाली तर कुटकी, नाहीतर पांढरा मका. मोबाइलमधला भाव दाखवून घासाघीस करायची नाही. माझे दोन किलो धरा, पैसे आधी पाठवते.