पाणी पळवून लावायचं, पण कुणाच्या दारात?

पूर ओसरायच्या आधीच तो मजकूर फोनवर येऊन पोहोचतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच. पूर वगैरे नैसर्गिक काही नसतं, हा सगळा पालिकेचा नाकर्तेपणा. नदी-नाल्यांतला गाळ काढा, वळणं काढून पात्र सरळ करा, दोन्ही काठांना भिंती घाला, पाणी थेट समुद्रात जाऊ द्या, की पूर येणारच नाही. आणि शेवटी दोन पुरवण्या: दरवर्षी एवढं गोडं पाणी समुद्रात वाया जातं ते अडवा; आणि खारफुटी, समुद्री गवत, मासे यांचे कैवारी कामं अडवून धरतात, त्यांचं ऐकणं बंद करा.

मजकूर पुढे ढकलणाऱ्यांचा राग मला कळतो. घरात गुडघाभर चिखल असताना कुणी जलविज्ञान समजावून सांगू लागलं तर मीही त्याला हाकलून देईन. पण चिखल धुऊन झाल्यावर तरी ही यादी एकदा तपासायला हवी, कारण तिच्यातली बहुतेक औषधं कुठे ना कुठे घेऊन झालेली आहेत आणि त्यांचा गुण काय आला हेही समोर आहे.

आधी एक गंमत. मजकुराचा पूर्वार्ध म्हणतो पाणी लवकरात लवकर समुद्रात ढकला, आणि उत्तरार्ध समुद्रात गेलेल्या पाण्यासाठी गळा काढतो. एकाच दमात दोन्ही कसं म्हणायचं, ते लिहिणाराच जाणे.

आता गाळ. यात खरं आहे तेवढं आधी मान्य करू. नाल्याच्या तोंडाशी प्लास्टिक, फांद्या, गाद्या अडकल्या असतील तर पाऊण तासाच्या पावसातही गल्ली भरते. पावसाळ्याआधी जाळ्या, मोऱ्या आणि पुलांखालचे गाळे साफ करणं हे पालिकेचं काम आहे, आणि ते झालं नसेल तर जाब विचारायलाच हवा. पण तिथून थेट नदी खोल केली की पूर गेला इथवर उडी मारता येत नाही. साधा हिशेब करा. एक चौरस किलोमीटरच्या वस्तीवर तासाभरात 50 मिमी पाऊस पडला तर ते 50,000 घनमीटर पाणी झालं. छपरं, डांबर, काँक्रीट यांच्यामुळे त्यातलं 80 टक्के वाहून निघालं असं धरलं, तर सेकंदाला साधारण 11 घनमीटर. एक मीटर व्यासाचा, काठोकाठ भरून सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहणारा पाइप सेकंदाला दीड घनमीटरच्या आसपास पाणी नेतो. म्हणजे असे सात पाइप एकाच वेळी तुडुंब वाहायला हवेत. त्याच जमिनीवर माती आणि झाडोरा असता आणि 20 टक्केच पाणी वाहिलं असतं, तर दोन पाइपांत भागलं असतं. सातातले पाच पाइप गाळामुळे कमी पडलेले नाहीत, ते जमीन झाकल्यामुळे लागले आहेत.

आणि नदी समुद्राजवळ असेल तर गाळ काढण्याचा उपयोग आणखी घटतो. तिथे पाण्याची पातळी तळ किती खोल आहे यावर ठरत नाही, भरती किती आहे यावर ठरते. तळ खरवडून दोन मीटर खाली नेला, की त्या दोन मीटरांत समुद्रच येऊन बसतो. वर खारं पाणी आत सरकतं ते वेगळंच.

हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर पर्जन्यवाहिनी खाडीला जिथे मिळते तिथे भरतीच्या वेळी जाऊन उभं राहावं. पाइपाच्या तोंडावर वरच्या बाजूने बिजागरीवर लटकलेलं एक जाडजूड लोखंडी झापड असतं. आतून पाण्याचा जोर असला की ते उघडतं. बाहेरचं पाणी चढलं की तेच दाबलं जाऊन बंद होतं. त्याचं कामच ते, समुद्र शहरात शिरू नये. पण ते मिटलं त्या क्षणापासून मागचा सगळा पाइप वाहिनी राहत नाही, टाकी होतो. वर पाऊस चालू, खाली दार बंद. पुढचे काही तास पाणी साठेल तेवढं साठतं आणि मग रस्त्यावरच्या झाकणांतून वर येतं. झापडात एखादा ओंडका अडकून फट राहिली, तर उलट खाडीच आत येते. या दृश्यात गाळाचा एक कणही नसला तरी रस्ता तुंबतो. इथे पंप लागतात आणि पाणी थोपवायला जागा लागते.

इंग्लंडमधल्या सॉमरसेट लेव्हल्स या सखल भागात हा वाद 2013-14 च्या हिवाळ्यात जोरात झाला. हजारो एकर जमीन कित्येक आठवडे पाण्याखाली होती, आणि ‘गाळ काढला असता तर हे झालंच नसतं’ ही घोषणा देशभर गाजली. नंतर पॅरेट आणि टोन या नद्यांचा आठ किलोमीटर भाग उपसण्यात आलाही. पाणी लवकर ओसरायला अशा उपशाची मदत होते, यात शंका नाही. पण त्या जानेवारीत दक्षिण इंग्लंडमध्ये विक्रमी पाऊस झाला होता, आणि आजूबाजूच्या पूरमैदानात मावणाऱ्या पाण्यापुढे नदीचं पात्र म्हणजे दर्या में खसखस. शिवाय भरती तिथे रोज नवा गाळ आणून टाकते, त्यामुळे उपसा एकदा करून सुटका नाही. 2015 मध्ये तिथल्या स्थानिक संस्थांनी मिळून सॉमरसेट रिव्हर्स अथॉरिटी उभी केली. तिच्या कामांत उपसा आहेच, पण वरच्या टेकड्यांवर पाणी थोपवून धरण्याची कामंही आहेत.

नदी सरळ करण्याचं प्रकरण थोडक्यात आटोपता येईल, कारण त्याचा निकाल कधीच लागला आहे. जर्मन अभियंता योहान गॉटफ्रीड टुल्ला याच्या योजनेनुसार 1817 पासून वरच्या ऱ्हाइनची वळणं कापली गेली. नदी सुमारे 80 किलोमीटरने आखूड झाली. पुढे विसाव्या शतकात तिच्यावर बंधारे आणि वीजकेंद्रं आली. लाट वेगाने खाली येऊ लागली, इतकी की पूर्वी तिच्या आधी निघून जाणारा नेकार या उपनदीचा लोंढा आणि ऱ्हाइनचा लोंढा एकाच वेळी गाठ पडण्याचा धोका तयार झाला. वरच्यांची सोय झाली, खालच्यांची पंचाईत. आता बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य तिथे 13 ठिकाणी मिळून सुमारे 16.7 कोटी घनमीटर पुराचं पाणी साठवायची जागा परत तयार करत आहे. फ्लोरिडातल्या किसिमी नदीचं तर पूर्ण वर्तुळ झालं. 166 किलोमीटरची नागमोडी नदी 1962 ते 1971 या काळात 90 किलोमीटरच्या सरळ कालव्यात कोंबली, दलदली सुकल्या, पाणपक्षी गेले. आणि 1999 ते 2021 अशी 22 वर्षं खर्चून त्या कालव्याचा बराच भाग बुजवून जुनी वळणं पुन्हा वाहती केली.

भिंतींचा मुद्दा मात्र सावकाश बघण्यासारखा आहे. भिंत पाणी नाहीसं करत नाही. ते शेजारी, समोरच्या काठावर किंवा खालच्या गावात नेऊन सोडते. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवर अनेक दशकं ‘फक्त तटबंध’ हेच धोरण होतं. नदी बांधून टाका, बाहेर पडायला वाट ठेवू नका. 1927 च्या महापुरात ते जागोजाग फुटले, आणि सहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले. त्यातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. न्यू ऑर्लिन्स वाचवायचं म्हणून शहरातल्या वजनदार मंडळींनी सरकारची मंजुरी मिळवली आणि 29 एप्रिलला शहराच्या खालच्या अंगाला कार्नार्व्हन इथला तटबंध सुरुंग लावून उडवला. पाणी सेंट बर्नार्ड आणि प्लॅकमिन्स या शेजारच्या भागांत घुसलं. तिथल्या लोकांना आधी बाहेर काढलं होतं, भरपाईचं वचनही दिलं होतं. पदरात पडली ती फारच थोडी. वर कडी म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला तटबंध आपोआप फुटल्यामुळे तो स्फोट करायची गरजच उरली नव्हती.

त्यानंतर 1928 च्या कायद्याने ‘फक्त तटबंध’ हे धोरण मोडीत काढलं, आणि जादा पाणी बाजूला वळवण्यासाठी बॉने कॅरे सांडवा 1931 मध्ये तयार झाला. शहर वाचतं, हे खरंच. पण इथेही पाणी कुठेतरी जातंच. 2019 मध्ये हा सांडवा एकाच वर्षात पहिल्यांदा दोनदा उघडावा लागला, मिळून 123 दिवस. एवढं गोडं पाणी मिसिसिपी साउंड या किनाऱ्यालगतच्या समुद्राच्या मचूळ पाण्यात शिरल्यावर तिथल्या कालवांच्या (शिंपल्यातल्या ऑयस्टरच्या) पैदाशीच्या जागा उद्ध्वस्त झाल्या आणि डॉल्फिनच्या अंगावर गोड्या पाण्याने होणाऱ्या जखमा दिसू लागल्या. कालवं जागा सोडून पळू शकत नाहीत, जिथे चिकटली तिथेच मरतात. पुराचं काम करणारं खातं आणि मच्छीमारीचं खातं वेगवेगळ्या इमारतींत बसतं, पाणी मात्र एकच असतं.

भिंतीचा आणखी एक गुण असा की ती लोकांना निर्धास्त करते. भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट 1940 च्या दशकातच हे मांडत होते. तटबंध झाला की त्याच्यामागची जमीन सुरक्षित वाटू लागते, भाव चढतो, घरं उठतात. आणि ज्या दिवशी पाणी भिंतीवरून येतं त्या दिवशी बुडायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माणसं आणि मालमत्ता तिथे जमलेली असते.

आता ‘वाया जाणारं’ पाणी. नाईलवरचं आस्वानचं उंच धरण 1970 मध्ये पूर्ण झालं, पण पाणी अडवणं 1964 पासूनच सुरू होतं. पुराबरोबर समुद्रात जाणारी पोषकद्रव्यं थांबली आणि इजिप्तच्या किनाऱ्यावरची सार्डिनची मासेमारी कोसळली. 1962 मध्ये सुमारे 18,000 टन मिळत होती, दशकाच्या अखेरीस काहीशे टनांवर आली. गाळ येईना म्हणून त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजू लागला. धरणाने वीज दिली, दुष्काळात तारलं, हे नाकारायचं कारण नाही. पण समुद्रात जाणारं ते पाणी फुकट जात होतं, असं तिथल्या मच्छीमाराला सांगून पाहा. पुढे 1980 च्या दशकात तिथली मासळी पुन्हा वाढली. कारण काय, तर शेतातल्या खतांचा निचरा आणि शहरांचं सांडपाणी. या सुधारणेवर आनंद मानावा की कपाळाला हात लावावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कोलोराडो नदीचं पाणी वरच्या वरच इतकं वाटून घेतलं जातं की ती बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. 2014 च्या वसंतात अमेरिका आणि मेक्सिको यांनी ठरवून सुमारे 13 कोटी घनमीटर पाणी तिच्या कोरड्या त्रिभुज प्रदेशात सोडलं. ‘वाया घालवण्यासाठी’ दोन देशांनी करार केला होता.

राहिली खारफुटी आणि समुद्री गवत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. खारफुटीचा 100 मीटर रुंद पट्टा लाटांची उंची 13 ते 66 टक्क्यांनी कमी करतो, असं वेगवेगळ्या ठिकाणच्या मोजण्या सांगतात. चक्रीवादळाने फुगून येणाऱ्या समुद्रापुढे मात्र एवढा पट्टा पुरत नाही, तिथे किलोमीटरच्या हिशेबात रुंदी लागते. हेही सांगायला हवं, नाहीतर समोरच्या बाजूचा अतिरेक होईल.

समुद्री गवताचा पालिकेशी काय संबंध, असं वाटत असेल तर फ्लोरिडातला टॅम्पा बे हा उपसागर बघावा. सांडपाण्यातल्या नायट्रोजनमुळे शेवाळ माजलं, पाणी गढूळ झालं, तळाला ऊन पोहोचेना आणि गवत मेलं. 1982 मध्ये तिथे जेमतेम 8,700 हेक्टर गवत उरलं होतं. सांडपाण्यावर प्रगत प्रक्रिया सक्तीची झाली, भोवतालच्या पालिका आणि उद्योगांनी नायट्रोजनची मर्यादा आपसांत वाटून घेतली, पिनेलस काउंटीने तर 1 जून ते 30 सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत हिरवळीवर नायट्रोजनचं खत टाकायला बंदी घातली. 2014 मध्ये गवत 16,000 हेक्टरच्या वर गेलं. 2016 नंतर त्यात पुन्हा मोठी घट झाली, म्हणजे हे काम कधी संपत नाही. पण सगळी लढाई गटारं, खत आणि परवाने यांच्यावर झाली. खोल समुद्रात कुणी गेलंच नव्हतं.

म्हणून पालिकेचा नाकर्तेपणा हा आरोप मला पूर्ण खोटा वाटत नाही. तो चुकीच्या टेबलावर ठेवला जातो. गाळ काढायला उशीर झाला तर एक पावसाळा वाईट जातो. पूररेषेच्या आत इमारतीला परवानगी मिळाली, तर पुढची 50-60 वर्षं जातात. त्या परवानगीच्या कागदावर मजकूर कधी बोट ठेवत नाही, कारण तिथे पालिकेबरोबर बिल्डर येतो आणि स्वस्तात घर मिळालं म्हणून खूश झालेले आपणही येतो.

करायचं ठरवलं तर काय करता येतं, याची उदाहरणं आहेत. 2 जुलै 2011 ला कोपनहेगनवर तीन तासांच्या आत सुमारे 150 मिमी पाऊस कोसळला. पालिकेने पुढच्याच वर्षी ढगफुटीचा आराखडा मंजूर केला, त्यात सुमारे 300 कामं आहेत. सगळीकडे मोठे पाइप टाकणं परवडणारं नव्हतं, तेव्हा काही रस्ते मुद्दाम पाणी वाहून नेतील असे आणि काही बागा मुद्दाम बुडतील अशा आखल्या. एंगहावे पार्क 22,600 घनमीटर पाणी पोटात घेऊ शकतं. एरवी तिथे मुलं खेळतात.

नेदरलँड्समध्ये 1995 च्या पुराच्या वेळी सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली होती. त्यानंतर भिंत आणखी उंच करण्याऐवजी नदीला जागा परत द्यायचं ठरलं. नाइमेगन शहरासमोर लेंट इथे तटबंध 350 मीटर मागे नेला, वाल नदीला दुसरा प्रवाह खोदून दिला, आणि तिथली पुराची पातळी सुमारे 35 सेंटिमीटरने उतरली. त्यासाठी लेंटमधली 50च्या आसपास घरं उठवावी लागली. लोकांनी विरोध केला, वर्षानुवर्षं बैठका झाल्या, पर्यायी आराखडे मांडले गेले. 350 मीटरांवर सही कुणी करायची, आणि त्या घरांत जाऊन सांगायचं कुणी, हा खरा प्रश्न होता. फिरणाऱ्या मजकुरात त्या घरांना एक ओळही मिळत नाही.