आईचं पित्त

गेल्या मार्चमधली गोष्ट. पहाटे चारला आई ओट्याला दोन्ही हात टेकून उभी. "पित्त उसळलंय गं, तू झोप." मी इनो विरघळवून दिलं. फेस बसायच्या आत तिनं ते पिऊन टाकलं आणि नंतर पोराच्या डब्यासाठी कणीकही मळली. साडेआठला सहज तिच्या पाठीवर हात ठेवला तर ब्लाउज पिळून काढावा इतका ओला, वर पंखा चालू आणि अंग गारठलेलं. माझ्या पोटात गोळा आला.

ईसीजी काढल्यावर कळलं, अटॅक होता. आई वाचली, पण हृदयाच्या स्नायूचा काही भाग कायमचा गेला. आता एक जिना चढताना दोनदा थांबते.

छातीवर हात दाबून माणूस कोसळतो, तोच अटॅक, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. आईला छातीत कळ आलीच नाही. जबडा जड झाला होता, पाठीच्या फऱ्यांमध्ये दाब होता, मळमळत होतं. त्याआधी आठवडाभर ती "गळून गेल्यासारखं वाटतंय" म्हणत होती. बायकांमध्ये असं पुष्कळदा होतं. त्यात तिला जुना मधुमेह. त्यानं नसा बधिर होतात, दुखणं जाणवतच नाही. आणि घरातल्या बाईचं प्रत्येक दुखणं आपण पित्तात ढकलतो. तीसुद्धा ढकलते, कारण डबे व्हायचे असतात. याचा मला अजून राग येतो.

गुठळीनं रक्तवाहिनी बंद झाली की पुढचा स्नायू मिनिटागणिक मरत जातो. म्हणून तर दवाखान्यात पोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी आणि ९० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद वाहिनी फुग्यानं उघडणं, व्हावी, असं डॉक्टर धरून चालतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शनही पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त लागू पडतं. आमचे साडेचार तास स्वयंपाकघरातच गेले. वर मी तिला जिने उतरवून स्कूटीवर मागे बसवून नेलं. तेही चुकलंच. १०८ला फोन करून तिला आहे तिथंच बसवून ठेवायला हवं होतं.

परवा खालच्या काकूंना घाम फुटला, जबडा दुखायला लागला. "पित्तच आहे," म्हणाल्या. मी ऐकलं नाही, १०८ बोलावली. पहिला ईसीजी नॉर्मल आला. तरी मी त्यांना घरी येऊ दिलं नाही, कारण सुरुवातीला तो नॉर्मल येऊ शकतो. पुन्हा ईसीजी आणि ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते दाखवणारी, रक्त तपासणी होईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिले. निघालं काहीच नाही. काकू अजून रागावल्यात, उगाच खर्च झाला म्हणून. रागावू देत.