माझा लगदा होताना

मुलांना कागद फाडायलाही शिकवावं लागतं, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. 'रद्दीतून हातकागद' या एका दिवसाच्या शिबिराचा मी एकमेव शिक्षक. समोर आठ ते तेरा वर्षांची अकरा मुलं. येताना घरून रद्दी आणा, असं बजावलं होतं. एकानं कोरी करकरीत वही पुढे केली. "रद्दी नव्हती काका, म्हणून आईनं नवीन दिली." चष्मेवाल्या एका मुलीनं माझ्याच शिबिराचं चकचकीत पत्रक आणलं होतं. त्यावर प्लॅस्टिकचा थर. आठवडाभर पाण्यात ठेवलं असतं तरी ढिम्म हललं नसतं. पुनर्वापराचं आमंत्रण अशा कागदावर छापायची अक्कल माझीच, हे मी तिला सांगितलं नाही. ते तिनंच सगळ्यांना सांगितलं.

तर, फाडणं. मुलांनी दप्तरातून कात्र्या काढल्या. मी म्हटलं, कात्री नको, हातानं फाडा. कात्रीनं तंतू कापले जातात, फाडल्यावर लांब राहतात, आणि लांब तंतूच एकमेकांना धरून ठेवतात. मग मी माझी हुकमी जादू काढली. वर्तमानपत्राचं पान वरून खाली फाडलं, सरळ पट्टी निघाली. आडवं फाडलं, तर वाकडंतिकडं. "यंत्रावर कागद पळताना बरेचसे तंतू एकाच दिशेला झोपतात. आपल्या हातकागदात ते कसेही पसरतात, म्हणून तो दोन्हीकडून वाकडाच फाटतो." मुलं थक्क. चष्मेवाली नाही. "बघू," एवढंच म्हणाली.

पुढचा अर्धा तास इतक्या मन लावून कागद फाडले गेले की माझी हजेरीची यादीही त्यात गेली. त्यानंतर दिवसभर मी सगळ्यांना 'बाळा' म्हणत होतो.

रात्रभर भिजवलेली एक बादली मी तयारच ठेवली होती. आता मिक्सर. घरून आणताना हिनं "मिक्सर परत हवा" असं म्हटलं होतं. कोणत्या अवस्थेत, हे ठरलं नव्हतं. नियम साधा आहे: भांडंभर पाणी आणि त्यात मूठभरच कागद. मी वळलो तेवढ्यात वहीवाल्यानं प्रमाण उलटं केलं. मिक्सर आधी गुरगुरला, मग कण्हला, मग जळका वास सोडून कायमचा गप्प झाला. उरलेला लगदा आम्ही पायांनी तुडवून केला. शिबिरातला सगळ्यांचा सर्वात आवडता कार्यक्रम हाच, आणि तो वेळापत्रकात नव्हता.

तुडवणं चालू असताना मी इतिहास सांगायला घेतला. चीनच्या दरबारातल्या त्साय लुननं इसवी सन 105 मध्ये झाडाची साल, चिंध्या आणि मासे धरायची फाटकी जाळी कुटून कागद केला, असं सांगतात. म्हणजे कागद जन्मालाच आला तो टाकाऊ वस्तूंतून. हे वाक्य मी आरशासमोर घोटून आलो होतो. परिणाम झालाही. 'चिंध्या' हा शब्द ऐकताच सर्वात धाकट्यानं पायातला मोजा काढून टबात टाकला.

"काका, हा पांढरा कधी होणार?" लगदा पावसाळी ढगाच्या रंगाचा झाला होता. मी सांगितलं, शाई आहे ती. कारखान्यात लगद्यात हवेचे बुडबुडे सोडतात, शाई त्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते, मग फेस काढून टाकतात. यातला 'फेस' हा एकच शब्द कामाचा ठरला. दोन मिनिटांत कुणीतरी शाम्पूची बाटली टबात रिकामी केली. तत्त्वतः पोरगं फार चुकलं नव्हतं, म्हणून ओरडताही येईना. दिवसभर आम्ही सुगंधी करड्या फेसात कोपरापर्यंत हात घालून काम केलं.

आणि काम खरंच नाजूक. जाळीची चौकट, तिच्यावर मोकळी चौकट. दोन्ही घट्ट धरून तिरपी बुडवायची, पाण्याखाली आडवी करायची आणि सरळ वर उचलायची. पाणी निथळतंय तोवर पुढेमागे, डावीउजवीकडे हलकेच हलवायची, म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात. पाणी गेलं की हात स्तब्ध. तेरा वर्षांच्या मुलाला 'स्तब्ध' कसं समजावायचं? कुणी शिंकलं, कुणी हसलं, आणि कागदाला खिडक्या पडल्या. मग ओल्या कापडावर जाळी उपडी घालून पाठीमागून स्पंजनं टिपायचं आणि एका कडेनं अलगद उचलायची. ती कडा सुटताना 'प्सुक्' असा आवाज येतो. तो आवाज आला आणि अकराच्या अकरा मुलं गप्प झाली. मीही.

फार वेळ नाही. "हा कागद परत कागद होणार? मग परत? कितीदा?" चष्मेवालीचा प्रश्न. मी म्हटलं, साधारण पाच ते सात वेळा. दर खेपेला तंतू आखूड होत जातात, शेवटी त्यांना एकमेकांना धरवत नाही. "मग काय करतात?" "निवृत्त होतात." तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि समजल्यासारखी मान हलवली.

दाबायला वजन हवं होतं. कपाटातला जाडजूड शब्दकोश कित्येक वर्षांनी उपयोगी पडला. ओल्या कागदांतलं बरंचसं पाणी त्यानं निमूटपणे शोषून घेतलं. आता तो मिटत नाही.

उरलेला लगदा गाळून, पिळून ठेवायचा असतो, मोरीत ओतायचा नसतो. हे मी सांगितलं, पण ओतल्यानंतर. दुसऱ्या दिवशी नळदुरुस्तीवाल्यानं पाइपातून एक लांब, गुंडाळलेला, कडक तुकडा ओढून काढला आणि उजेडात धरला. एकसारखी जाडी, कुठे भोक नाही. आमच्या शिबिरातला तो सर्वोत्तम कागद होता.

काचेवर वाळवलेले बाकीचे चौदा कागद न्यायला मुलं आली. एकावर मोज्याचा निळा धागा होता, त्यासाठी भांडण झालं. चष्मेवालीनं तिचा कागद खिडकीशी नेऊन न्याहाळला. कडा झालरीसारख्या, मध्ये वर्तमानपत्रातलं अर्धं अक्षर तरंगत असलेलं. चांगलाच जमला होता. मी म्हणणार होतो, यावर कुणाला तरी पत्र लिही. तेवढ्यात तिनं तो वरून खाली टर्रकन फाडला. मग आडवा फाडला.

"खरंच की," ती म्हणाली, "दोन्हीकडून वाकडाच." आणि चारही तुकडे बादलीत टाकून तिनं बाह्या वर केल्या.